शेवटचे पर्व आणि भिंतीवरचा फोटो



आमच्या विहारात पौर्णिमेची वंदना झाली की महिला मंडळाच्या बायका चहाला थांबतात आणि दहा मिनिटांत विषय मुलांच्या मोबाईलवर येतो. "रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बघतात तरी काय?" हा प्रश्न ठरलेला. मीही तो अनेकदा विचारला आहे. या वेळी मात्र ठरवले, की नुसती तक्रार करण्यापेक्षा शेजारी बसून बघावे. माझी भाची, म्हणजे भावाची मुलगी, इंजिनिअरिंग पूर्ण करून पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला, कॅलिफोर्नियात निघाली आहे. कागदपत्रांच्या कामासाठी ती महिनाभर माझ्याकडे होती. तिच्याबरोबर रोज रात्री एक-दोन भाग असे करत मी 'नेव्हर हॅव आय एव्हर' ही इंग्रजी मालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मिंडी केलिंग आणि लँग फिशर यांची ही मालिका. पहिले पर्व एप्रिल २०२० मध्ये, म्हणजे आपण सगळे टाळेबंदीत घरात कोंडलेले असताना नेटफ्लिक्सवर आले. चौथे आणि शेवटचे ८ जून २०२३ रोजी आले. चार पर्वे, प्रत्येकात दहा भाग. देवी विश्वकुमार ही लॉस एंजेलिसच्या शर्मन ओक्स भागात राहणारी तमिळ कुटुंबातली शाळकरी मुलगी. शाळेच्या संगीताच्या कार्यक्रमात ती वाद्य वाजवत असताना समोर बसलेले वडील हृदयविकाराने जातात. त्या धक्क्याने तिचे पाय काही महिने चालेनासे होतात. पाय बरे होतात, पण मनातली जखम तशीच राहते. आई नलिनी त्वचारोगतज्ज्ञ, स्वभावाने करडी. घरात संशोधन करणारी नात्यातली बहीण कमला. पुढे आजी निर्मलाही येऊन राहते. विषय दुःखाचा, पण मांडणी विनोदी. मुलगी चिडते, खोटे बोलते, मैत्रिणींना दुखावते, मग रडते आणि सुधारते.

देवीचे काम करणारी मैत्रेयी रामकृष्णन ही कॅनडात वाढलेली, श्रीलंकेतल्या तमिळ कुळातली मुलगी. सुमारे पंधरा हजार मुलींमधून तिची निवड झाली. सावळी मुलगी नायिका, तीही सोशिक किंवा आदर्श नाही, हे आपल्या मुलींना का आवडले असेल ते पहिल्या दोन भागांतच माझ्या ध्यानात आले. भाची म्हणाली, "आत्या, मी बारावीत असताना हिच्याबरोबर मोठी झाले गं." मग शेवटच्या पर्वाविषयी ती एवढी का रागावली होती, तेही कळले.

मुलींची तक्रार मुख्यतः मुलांवरून आहे. देवीचे लग्न नव्हे, पण जोडी कुणाशी जमणार, बेनशी की पॅक्स्टनशी, यावरून प्रेक्षकांचे दोन पक्ष पडले होते. शेवटी बेन जिंकला. पॅक्स्टनच्या बाजूच्या मुलींना वाटते, की या मुलाला तिसऱ्या पर्वात मेहनतीने शिकताना दाखवले, मोठ्या विद्यापीठात पाठवले आणि चौथ्या पर्वात कारण नसताना परत आणून जुन्याच शाळेत पोहण्याचा सहायक प्रशिक्षक करून ठेवले. बेनच्या बाजूच्यांनाही समाधान नाही. त्यांच्या मते देवी आणि बेन यांच्यातला गैरसमज उगाच ताणला आणि शेवट घाईत उरकला. ईथन नावाचा नवा मुलगा येतो आणि थोड्याच भागांत विसरला जातो. कमला आणि तिचा मित्र यांची गोष्ट कोपऱ्यात पडते.

या तक्रारी मला हसण्यासारख्या वाटत नाहीत. चार वर्षे ज्या मुलीबरोबर जगलो तिला शेवटी न्याय मिळावा असे वाटणे ही चांगल्या मनाची खूण आहे. शिवाय पर्व सगळेच वाया गेलेले नाही. आजी निर्मला लेन नावाच्या गोऱ्या माणसाशी विवाह करते आणि त्या विवाहातच मालिकेचा शेवटचा भाग रंगतो. पांढऱ्या केसांच्या विधवेचे लग्न, आणि सून-नाती आनंदाने नाचताहेत! जोतिराव आणि सावित्रीमाईंनी विधवांसाठी काय सोसले हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते दृश्य पाहून बरे वाटेल. देवीला प्रिन्स्टन विद्यापीठात प्रवेश मिळतो, तोही आधी प्रतीक्षा यादीत राहून, वडिलांविषयी मनापासून लिहिल्यानंतर. वडिलांचे दुःख तिने चार पर्वे टाळले. ते कागदावर उतरवले तेव्हा वाट मोकळी झाली. हे चांगलेच लिहिले आहे.

माझी निराशा वेगळी आहे. चाळीस भागांत या मालिकेने घरातली जवळजवळ प्रत्येक बंद खोली उघडली. मृत्यू, मानसोपचार, आई-मुलीचे भांडण, मुलींवर प्रेम करणारी मैत्रीण, अंगावरचे केस, कातडीचा रंग. पहिल्या पर्वातल्या गणेशपूजेच्या भागात तर मुसलमान माणसाशी लग्न केले म्हणून समाजाने दूर केलेली एक बाईही दाखवली. म्हणजे लग्नाच्या बाबतीत आपली माणसे काय करतात हे लिहिणाऱ्यांना ठाऊक होते. पण जात? तिच्यावर एकही कथासूत्र नाही. कमलासाठी स्थळे बघितली जातात, 'चांगले घराणे' पारखले जाते, पण ते घराणे चांगले कशावरून हे कुणी विचारत नाही. कमला ज्याच्या प्रेमात पडते तो देवीचा इंग्रजीचा शिक्षक, आडनाव कुलकर्णी. हे आडनाव ऐकले की आपल्या माणसाला जे कळते ते तिथल्या गोऱ्या प्रेक्षकाला कळत नाही. मालिकाही ते सांगत नाही. मला वाटत होते, निदान शेवटच्या पर्वात ही खोली उघडेल. उघडली नाही.

मी हे बोलून दाखवले तेव्हा भाची थोडी वैतागली. "आत्या, तू प्रत्येक ठिकाणी जात शोधतेस. ती एका मुलीची गोष्ट आहे. सगळं जग तिच्यात कसं कोंबणार?"

तिचे म्हणणे मी झटकून टाकले नाही. कथेला स्वतःची मर्यादा असते. पण तारखा बघा. कॅलिफोर्नियाच्या सिनेटमध्ये आयशा वहाब यांनी मार्च २०२३ मध्ये एक विधेयक मांडले. राज्याच्या भेदभावविरोधी कायद्यात जातीचा स्पष्ट उल्लेख करावा, अशी त्याची मागणी होती. मे महिन्यात सिनेटने ते मंजूर केले. जूनमध्ये याच राज्यात घडणाऱ्या या मालिकेचे शेवटचे पर्व आले. ऑगस्टमध्ये तिथल्या विधानसभेनेही विधेयक मंजूर केले. आपले आंबेडकरी बंधू-भगिनी तिथे रस्त्यावर उतरले होते, उपोषणाला बसले होते. शेवटी ७ ऑक्टोबर २०२३ रोजी गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी सध्याचे कायदे पुरेसे आहेत असे सांगून त्यावर नकाराधिकार वापरला. त्याआधी फेब्रुवारीत सिअ‍ॅटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी घातली होती. ज्या वर्षी त्या देशातल्या भारतीय घरांत जातीवर एवढा वाद चालला होता, त्याच वर्षी त्या देशातल्या सर्वांत लाडक्या भारतीय घरात तिचे नावही निघाले नाही. सगळे जग कोंबा असे माझे म्हणणे नाही. पण घरातलीच गोष्ट घरात दिसू नये?

भाची गप्प राहिली. मग आम्ही शेवटचा प्रसंग पुन्हा लावला. मालिका सुरू होते तेव्हा देवी घरातल्या देव्हाऱ्यासमोर हात जोडून मागण्या करत असते. मालिका संपते तेव्हा ती प्रिन्स्टनच्या वसतिगृहातल्या खोलीत आपल्या देवांपुढे तशीच उभी असते. बेन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकतो. होय, तेच कोलंबिया, जिथे १९१३ ते १९१६ या काळात आपले बाबासाहेब शिकले.

बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातल्या आपण. त्या देवांशी आपल्याला कर्तव्य नाही. पण मी वेगळेच बघत होते. नवे गाव, नवी खोली, नव्या मुली, आणि देवीने आपल्या श्रद्धेची चित्रे उघड्यावर मांडली. कोण काय म्हणेल, ही भीती तिच्या चेहऱ्यावर नाही. मालिकेनेही तो धाडसाचा प्रसंग म्हणून दाखवला नाही, इतकी ती साधी गोष्ट आहे.

तेव्हा भाचीने मला जे सांगितले त्यासाठीच हा लेख लिहिते आहे. तिथे तिला जी खोली मिळाली आहे, ती तीन मुलींची आहे. बाकीच्या दोघी भारतातल्याच. तिच्या आईने, म्हणजे माझ्या वहिनीने, सामान भरताना बजावले होते, "बाबासाहेबांचा फोटो नेलास तरी पेटीतच ठेव. आधी मुली कशा आहेत ते बघ." वहिनींना मी दोष देणार नाही. त्यांनी नोकरीत काय सोसले ते मला माहीत आहे. आईचे काळीज आहे ते. पण भाची म्हणाली, "आत्या, देवीला हा प्रश्नच पडला नाही ना गं?"

ही माझी खरी निराशा. शेवटच्या पर्वात देवी कुणाची झाली यापेक्षा मोठी. आपल्या मुलींना ज्या मुलीत स्वतःचा चेहरा दिसला, तिला आपल्या मुलींचा सर्वांत पहिला प्रश्न कधी पडलाच नाही.

असे दाखवता येत नाही असे मात्र नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'मेड इन हेवन' या हिंदी मालिकेचे दुसरे पर्व आले. त्यातला एक भाग नीरज घायवान यांनी दिग्दर्शित केला. राधिका आपटे यांनी साकारलेली पल्लवी मेनके ही उच्चशिक्षित दलित स्त्री आपल्या लग्नात बौद्ध विधी व्हावा म्हणून ठाम उभी राहते. पांढऱ्या वस्त्रातली वधू आणि तिथे बाबासाहेबांची प्रतिमा. आमच्या मंडळातल्या बायकांनी तो भाग मोबाईलवर एकमेकींना दाखवला. एका भागाने एवढा आनंद दिला, यावरूनच आपली तहान किती जुनी आहे ते कळावे.

म्हणून भगिनींनो, माझे सांगणे एवढेच. मुलांच्या हातातला मोबाईल हिसकावू नका, शेजारी बसा. त्यांना काय आवडले ते आधी ऐका, तुम्हाला काय खटकले ते मग सांगा. आणि त्यांच्यात कुणी लिहिणारी, चित्रण करणारी असेल, तर तिला 'आधी नोकरीचं बघ' एवढेच सांगून थांबवू नका. आपल्या घरातली गोष्ट आपल्या मुलींनीच लिहावी लागेल.

भाचीने विचारले, "मग मी फोटो लावू का?" लाव असे छातीठोकपणे सांगणे मला सोपे होते, खोलीत राहायचे तिला आहे. मी म्हटले, "लावायचा की नाही ते तू ठरव. पण भीतीला ठरवू देऊ नकोस."

परवा तिची पेटी बंद करताना वहिनी आणि मी दोघी होतो. फोटो वहिनींनीच शालीत गुंडाळला. तळाशी ठेवायला निघाल्या, मग थांबल्या आणि अगदी वर ठेवला, पेटी उघडताच हाताला लागेल असा.

जयभीम.