‘जैन’ हा शब्द मेनूकार्डावरून खाली उतरवा



आज जरा स्पष्टच लिहिते. पुण्यात खायच्या जागांना तोटा नाही. डेक्कनचं गुडलक १९३५ पासून बनमस्का देतंय, फर्ग्युसन रस्त्यावर वैशालीबाहेर रविवारी सकाळी अजून ताटकळावं लागतं आणि बाणेर-कोरेगाव पार्कात रोज एक नवा कॅफे उघडतो. माझं त्यांच्याशी भांडण नाही. मी याच गावात वाढले, मला बाहेरची इडली आवडते. माझं भांडण एका शब्दाशी आहे. मेनूकार्डावर पदार्थापुढे कंसात लिहिलेला ‘जैन’.

जैन पावभाजी, जैन पिझ्झा, जैन मंचुरियन, जैन पास्ता. या शब्दाचा हॉटेलातला अर्थ एवढाच, की वरून कांदा-लसूण घातलेला नाही. बस. यावर आपण खूश होतो आणि ऑर्डर देतो. मला वाटतं, हा शब्द तिथून काढून टाकायची मागणी आपणच केली पाहिजे.

का, ते सांगते.

आधी स्वयंपाकघर पाहू. बहुतेक हॉटेलांत भाज्यांच्या ग्रेव्ह्या सकाळीच मोठ्या पातेल्यांत करून ठेवतात. लाल, पांढरी, पिवळी. पांढऱ्या ग्रेव्हीत काजूबरोबर उकडलेला कांदा वाटलेला असतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. रात्री तुमची ‘जैन’ ऑर्डर आत गेली की गर्दीत वेगळी ग्रेव्ही कोण करणार? वरची कांद्याची फोडणी गाळली जाते आणि ताट बाहेर येतं. तवा तोच, झारा तोच, तळणीचं तेल तेच. त्याच तेलात पाच मिनिटांपूर्वी बटाट्याच्या फ्राईज निघालेल्या असतात.

माझ्या मावशीला कंदमुळाचा आजन्म त्याग आहे. एका कॅफेत तिच्यासाठी आम्ही ‘जैन’ टोमॅटो सूप मागवलं. रंग जरा जास्तच केशरी दिसला म्हणून मी विचारलं. आतून उत्तर आलं, “मॅडम, कांदा-लसूण अजिबात नाही, दाटपणाला फक्त गाजर आहे.” त्यांनी खोटं सांगितलं नाही. त्यांच्या समजुतीत गाजर जैनच होतं. मावशीने चमचा खाली ठेवला, काही बोलली नाही. मी विचारलं नसतं तर त्या एका छापील शब्दाच्या भरवशावर तिचा नियम मोडला असता आणि तिला कळलंही नसतं.

आता कांदा-लसणाच्या पलीकडे जाऊ. आपल्याकडे सोडायच्या गोष्टींत आधी काय येतं? मद्य, मांस, मधु. आचार्य अमृतचंद्रांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’मध्ये हे तीन आणि पाच उदुंबर फळं आधी सोडायला सांगितली आहेत. म्हणजे मध आपल्याला पहिल्या पायरीवरच वर्ज्य आहे. आणि कॅफेत काय चालतं? ओट्सच्या वाडग्यावर मध, लिंबूपाण्यात मध, पॅनकेकवर मध, आणि बाजूला ‘जैन’. हिरव्या ठिपक्यावर भिस्त ठेवाल तर तोही इथे उपयोगाचा नाही. कायद्याच्या व्याख्येत दूध आणि मध दोन्ही शाकाहारात बसतात. अंडं असलं तर हिरवा ठिपका लागत नाही, मध असला तर लागतो. आणि ‘जैन’ शब्दाला तर असा कायद्याचा ठिपकाही नाही. ज्याला वाटेल त्याने छापावा.

तसंच द्विदल. न तापवलेल्या दह्याबरोबर डाळीचा पदार्थ आपण खात नाही, पण ‘जैन दहीवडा’ सर्रास मिळतो. इटालियन जागांत अस्सल पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने बनतं. काही पुडिंगांत आणि मूसमध्ये जिलेटिन असतं, ते प्राण्यांच्या हाडाकातड्यांचं. वूस्टरशायर सॉसच्या मूळ कृतीत मासळी असते. कांदा काढला म्हणून यातलं काय जैन झालं?

आणि सगळ्यात मोठी गोष्ट वेळेची. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, भर उन्हाळ्यातसुद्धा सव्वासातच्या आत. आपल्या कितीतरी रेस्टॉरंटांची स्वयंपाकघरं दुपारी साडेतीनला बंद होतात आणि संध्याकाळी सात-साडेसातला उघडतात. म्हणजे ज्या वेळी जैनाने तोंड बंद करायचं, त्या वेळी ‘जैन मेनू’ सुरू होतो! अमृतचंद्रांनी रात्रिभोजनाला हिंसेच्या विचारातच धरलं आहे, चवीच्या किंवा पथ्याच्या नाही. रात्री साडेदहाला जैन पिझ्झा मागवणं म्हणजे उपवासाच्या दिवशी उपवासाचं म्हणून जेवणानंतर साबुदाणा खाणं.

इथे हॉटेलवाल्यांना झोडपून मी थांबले तर ते अर्धंच होईल. हा शब्द त्यांनी आपल्याकडे बघून छापला. बिबवेवाडीपासून औंधपर्यंत आपण त्यांना एकच प्रश्न विचारत आलो: “कांदा-लसूण नाही ना?” ना मधाचं विचारलं, ना वेळेचं. गिऱ्हाईक जेवढं मागतं तेवढंच दुकानदार ठेवतो. वर चुकून कांद्याची एक फोड सापडली की त्या वेटरच्या अंगावर ओरडतो. तो पोरगा परगावाहून आलेला, बारा तास उभा. त्याला जैन म्हणजे काय ते कुणी सांगितलेलंच नाही. शब्दांनी माणूस दुखावणं ही हिंसा कांद्यापेक्षा लहान आहे का?

काही जणी म्हणतील, “मग बाहेर जायचंच कशाला?” नका जाऊ, उत्तमच आहे. पण हिंजवडीत नोकरी करणाऱ्या आपल्या मुलींना ऑफिसच्या जेवणाला जावं लागतं. त्यांना ‘घरी बस’ एवढंच सांगून चालणार नाही. दुसऱ्या म्हणतील, “एवढं काय, भाव महत्त्वाचा.” खरं आहे. ज्या जेवढं पाळतात त्यांनी तेवढंच पाळावं, कुणी बटाटा खात असेल तर तो तिचा प्रश्न. पण मग त्याला ‘बटाटा’ म्हणा, ‘जैन’ म्हणू नका. वैशालीच्या एसपीडीपीत बटाटा आहे हे नावातच सांगितलेलं आहे. तो पदार्थ कुणाला फसवत नाही. मला तो त्या गाजराच्या सूपापेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो.

खरं नुकसान मुलांचं होतंय. दहा वर्षांच्या मुलाला विचारा, जैन म्हणजे काय? तो सांगेल, विदाउट अनियन-गार्लिक. जिवांची दया, संयम, परिग्रह कमी करणं, क्षमा हे सगळं पिझ्झाच्या खोक्यावरच्या एका शिक्क्यात बसवलं गेलं, आणि शिकवलं आपणच.

म्हणून मागायचं ते नेमकं मागू या. मेनूवर ‘जैन’ऐवजी ‘कांदा, लसूण, बटाटा, गाजर, आलं नाही’ असं सरळ लिहा. मध, जिलेटिन असेल तर सांगा. वेगळी कढई ठेवता येत नसेल तर तसं कबूल करा, आम्ही दुसरं काही मागवू. आणि ज्यांना आपलं गिऱ्हाईक हवंय त्यांनी पाच वाजता स्वयंपाकघर उघडावं. चातुर्मासात तर नक्कीच. जिथे हे होईल तिथे आपण सगळ्या मिळून जाऊ, पैसे देऊ, चार जणींना सांगू.

आपल्या बाजूने तीन गोष्टी. एक, ‘जैन आहे का?’ असं न विचारता ‘यात काय काय आहे?’ असं विचारायचं. दोन, दिवस असताना जायचं. तीन, नाही म्हणाले तर हसून उठायचं, आवाज चढवायचा नाही.

आपला धर्म हॉटेलच्या आचाऱ्याने सांभाळावा ही अपेक्षाच चुकीची आहे. त्याने त्याच्या पदार्थात काय आहे ते खरं सांगावं. जैन असणं आपल्याकडे राहू द्या.

जय जिनेंद्र.