शेवटचा पेला

गोसीखुर्दहून एका वाचक-भगिनीचें पत्र आलें आहे. त्या लिहितात, "पुण्यास बहिणीच्या घरीं मिळते तशी कॉफी आमच्याकडे कां होत नाहीं? विजेचें यंत्र तेंच, पूड तीच. सासूबाई म्हणतात यंत्र बदला, भावोजी म्हणतात पूड बदला. आणि मला वाटतें, बदलावयाची ती मीच कीं काय!"

भगिनींनीं धीर सोडूं नये. बिनदुधाच्या कॉफींत शंभरांतले अठ्ठ्याण्णव भाग पाणीच असतें. तेव्हां चौकशी पाण्यापासून करावी. गोसीखुर्दास वैनगंगेवर एवढें मोठें धरण आहे, १९८८ सालीं त्याची पायाभरणी झाली. परंतु या घरीं पाणी येतें तें कूपनलिकेचें, असें पत्रांतच आहे. उलट पुण्यास खडकवासल्याचें, म्हणजे पावसाचें साठविलेलें सौम्य पाणी. जमिनींतील पाण्यांत चुन्याचे क्षार अधिक असले कीं ते कॉफीचा आंबूस तजेला मारतात आणि चव बोथट होते. पातेल्याच्या तळाशीं पांढरा थर बसत असेल तर हेंच कारण समजावें. असें पाणी आदल्या रात्रीं दहा मिनिटें उकळावें, निवूं द्यावें आणि वरचें नितळ पाणी गाळून घ्यावें. शुद्धीकरण-यंत्राचें अगदीं निःक्षार पाणीही एकटें वापरूं नये. त्याची कॉफी उथळ लागते. तें आणि घरचें पाणी निम्मेंनिम्म मिसळावें.

तोच थर यंत्राच्या पोटांतही बसतो. पाणी ९२ ते ९६ अंश सेल्सिअस उष्ण असतांना पुडीवर पडावें. थर वाढला कीं यंत्राचें काम मंदावतें. महिन्यांतून एकदां लिटरभर पाण्यांत दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व विरघळवून तें यंत्रांतून निम्में जाऊं द्यावें, वीस मिनिटें थांबावें, मग उरलेलें सोडावें. त्यानंतर दोनदां स्वच्छ पाणी फिरवावें.

आतां मापाविषयीं. लिटरभर पाण्यास ५५ ते ६० ग्रॅम पूड लागते. दूध बरेंच घालावयाचें असेल तर दीडपट घ्यावी. काटकसरीनें पूड कमी घातली म्हणजे कॉफी नुसती पातळच होत नाहीं, कडूही होते. कारण थोड्या पुडींतून तेवढेंच पाणी गेलें कीं चांगल्या अर्कामागून नको तोही उतरतो. कॉफी विदर्भास परकी नाहीं. चिखलदऱ्यास ती पिकते. पण कोठलीही असो, दळलेली पूड लौकर शिळी होते. पंधरा दिवसांपुरतीच आणावी, घट्ट झांकणाच्या डब्यांत शेगडीपासून दूर ठेवावी. पाकिटावर चिकोरीचें प्रमाण वाचावें. मिश्रणांत कॉफी निदान शेंकडा ५१ असावी असा नियम आहे, म्हणजे उरलेलें जवळजवळ निम्में चिकोरी असूं शकतें. वडील मंडळींस जायफळ हवें असेल तर तें तापलेल्या दुधांत किसावें, यंत्रांत नव्हे. तो वास तेथें बसला कीं दुसऱ्या दिवशींही जात नाहीं.

शेवटीं पत्रांतलें एक वाक्य, जें भगिनींनीं सहज लिहिलें आहे: "पहांटे पांचाला सर्वांची कॉफी एकदमच करतें, मी घेतें ती आठ-साडेआठाला, सर्वांचें आटोपल्यावर." यंत्राच्या तापत्या तबकडीवर कॉफी अर्धा तास राहिली कीं तिचा सुवास उडतो आणि कडवटपणा वाढतो. साडेतीन तासांनीं काय उरत असेल? मामंजींनीं आणि भावोजींनीं जी कॉफी घेतली, ती या भगिनींनीं आपल्या घरीं बहुधा एकदांही चाखलेली नाहीं. पुण्यास त्या पाहुण्या होत्या; तेथें पहिला पेला त्यांच्या हातीं आला. पाण्याइतकाच हाही फरक आहे!

उपाय सोपा आहे. कॉफी होतांच गरम पाण्यानें विसळलेल्या थर्मासांत ओतावी आणि तबकडी बंद करावी. त्याहूनही बरें म्हणजे दोन वेळां थोडी थोडी करावी, आणि दुसऱ्या खेपेस यंत्राची कळ घरांतील दुसऱ्या कोणीं तरी दाबावी. त्यास फारसें कौशल्य लागत नाहीं. हें पत्रोत्तर भावोजींस अवश्य वाचावयास द्यावें.