पॅट समिट यांचे अडतीस हंगाम

१९७४ साली टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची सूत्रे हाती आली, तेव्हा पॅट समिट अवघ्या २२ वर्षांच्या होत्या. पगार महिन्याला २५० डॉलर, आणि त्यात संघाची व्हॅन चालवणे, खेळाडूंचे गणवेश धुणे हेही आलेच. शिक्षणसंस्थांत मुलींशी भेदभाव करायला बंदी घालणारा अमेरिकी कायदा दोनच वर्षांपूर्वी झाला होता. कागदावरचा हक्क मैदानात उतरवला तो अशा प्रशिक्षकांनी. १९७६ मध्ये खेळाडू म्हणून ऑलिंपिक रौप्य, १९८४ मध्ये प्रशिक्षक म्हणून सुवर्ण. पुढे आठ राष्ट्रीय विजेतेपदे, १,०९८ विजय. त्यांची करडी नजर आणि कडक सराव यांची चर्चा फार होते. मला मात्र सर्वांत मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट: त्यांच्याकडे पूर्ण मुदत खेळलेल्या प्रत्येक मुलीने पदवी घेतली. २०११ मध्ये अल्झायमरचे निदान झाले. ते त्यांनी लपवले नाही, उलट सहकाऱ्यांच्या साथीने आणखी एक हंगाम संघ सांभाळला. २०१६ मध्ये, ६४ व्या वर्षी त्या गेल्या. ३८ हंगामांत त्यांच्या संघाचे पराभव विजयांपेक्षा जास्त कधीच झाले नाहीत.