पुढच्या बारा खुर्च्या

विमानात पहिल्यांदा बसलेल्या माणसाची नजर आधी कुठे जाते? खिडकीकडे, असं आपल्याला वाटतं. माझ्या आजीची गेली स्वतःच्या गुडघ्यांकडे!

मागच्या दिवाळीत तिला नागपूरहून पुण्याला आणायची ड्यूटी माझ्याकडे होती. वय ७४, गुडघे कामातून गेलेले, म्हणून बाबांनी ट्रेनऐवजी एका स्वस्त कंपनीच्या विमानाचं तिकीट काढलं. आजी ठेवणीतली साडी नेसून तयार! पण सीटवर बसली आणि गुडघे समोरच्या सीटला जाऊन टेकले. इमर्जन्सी एक्झिटच्या रांगेत जागा ऐसपैस असते, पण तिथे वयस्कर माणसांना बसू देत नाहीत. पहिल्या रांगेला जादा पैसे, आणि ती आधीच भरलेली. उतरताना आजी एवढंच म्हणाली, "अगं, महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये निदान पाय तरी वर घेता यायचे."

ही गोष्ट मी होस्टेलवर सांगितली आणि वादाला तोंड फुटलं. स्वस्त विमान कंपन्यांनी प्रीमियम सीट ठेवाव्यात का? एक पार्टी म्हणाली, मुळीच नाही. स्वस्त विमान म्हणजे सगळे सारखे. कॅप्टन गोपीनाथ यांनी २००३ मध्ये एअर डेक्कन सुरू केली तेव्हा तिची ओळख होती आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन. त्याला पुढच्या मोठ्या खुर्च्यांसमोरून मागे पाठवायचं? दुसरी पार्टी म्हणाली, पैसे देणाऱ्याला मिळू द्या ना, तुमचं काय जातं?

"काय जातं" हे तर मोजता येतं. शेवटी आपण इंजिनिअर (होणार!). इंडिगोने १४ नोव्हेंबर २०२४ पासून दिल्ली-मुंबई मार्गावर 'स्ट्रेच' नावाचा वर्ग सुरू केला. आडव्या रांगेत सहाऐवजी चार खुर्च्या, अशा तीन रांगा, म्हणजे १२ सीट. दोन रांगांमधलं अंतर, ज्याला पिच म्हणतात, ते ३८ इंच. साध्या रांगेत ते साधारण २८ ते ३० इंच असतं. म्हणजे तेवढ्याच जागेत साध्या चार रांगा, २४ माणसं बसली असती. हिशोब बरोबर जुळतो. सगळ्या साध्या सीट असलेल्या त्यांच्या मोठ्या ए-३२१ विमानात २३२ जागा, आणि स्ट्रेचवाल्या विमानात १२ अधिक २०८, म्हणजे २२०.

आता पैशांचं गणित. सुरुवातीला स्ट्रेचचं तिकीट १८,०१८ रुपयांपासून होतं. एका माणसाने दोघांची जागा घेतली, म्हणजे एका साध्या जागेमागे ९,००९ रुपये पडले. घाईगर्दीचे दिवस सोडले तर या मार्गावर साधं तिकीट बऱ्याचदा याहून कमीला मिळतं. थोडक्यात, पुढचा माणूस आपल्या जागेचे पैसे स्वतःच भरतो, मागच्याच्या खिशातून काही जात नाही. म्हणून माझं मत, ठेवा प्रीमियम सीट. अगदी खुशाल!

पण एक मोठ्ठा 'पण' आहे.

१८४९ मध्ये ज्यूल द्युपुई नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने एक भारी गोष्ट लिहून ठेवली. तेव्हा रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसे. त्याचं म्हणणं, हे छपराचे पैसे वाचवायला केलेलं नाही. दुसऱ्या वर्गाचं भाडं परवडणाऱ्या माणसाने तिसऱ्यात बसू नये म्हणून ते केलंय. म्हणजे गरिबाला भिजवायचं, का, तर मधल्याने घाबरून वरचं तिकीट काढावं!

मला भीती आहे ती याची. पुढच्या बारा खुर्च्यांची नाही. आज ३८ इंच विकायचे म्हणून उद्या मागचे २८ चे २७ झाले, तर तो धंदा छप्पर काढण्याचाच. कारण मागे जितकं जास्त टोचेल तितकी पुढची सीट जास्त खपेल. बाहेरून मात्र दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात, पुढे मोठी खुर्ची आणि मागे छोटी. फरक कळतो तो मागच्या खुर्चीत बसल्यावर.

याच्या उलटंही करता येतं, आणि ते आपल्याच माणसाने करून दाखवलंय. आपल्या रेल्वेत १९७४ मध्ये तिसरा वर्ग कागदावरून गेला, पण त्याची लाकडी बाकं तशीच राहिली. मग राजापूरचे खासदार मधु दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर दोन इंच फोम बसवायला सुरुवात केली. पहिला वर्ग मोडला नाही, दुसरा वर चढवला. दोन इंच! पण किती लाख पाठींना ते कळले असतील, विचार करा.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. कंपनीने पुढे सोफा ठेवावा, नाहीतर पलंग. पण मागच्या सीटचं कमीत कमी पिच सरकारने ठरवून द्यावं, आणि तिकीट काढतानाच ते भाड्याशेजारी इंचात छापावं. बॅगेचं वजन किलोत सांगता, तर गुडघ्यांची जागा इंचात सांगायला काय हरकत आहे?

आणि हो, कॉन्व्हेंटवाल्या मुलीचं मराठी आहे, शुद्धलेखनाचे मार्क कापा, पण मुद्द्याचे नका कापू. मुद्दा माझा नाहीच, आजीचा आहे. उन्हाळ्यात तिला परत नागपूरला सोडायचंय. ती म्हणते, "ट्रेनचंच काढ गं."