प्रश्न कोणाचे, संशोधन कोणासाठी?

दिव्याहून रोह्याकडे जाणारी गाडी आपटा सोडल्यावर जिते स्थानकात क्षणभर थांबते. पुढचे स्थानक हमरापूर आणि त्यापुढचे पेण. या टापूत भात पिकते, गणपतीच्या मूर्ती घडतात आणि खाडीलगत खारभूमी पसरलेली आहे. ऊर्जा आणि पर्यावरण या विषयांवर आपली विद्यापीठे परदेशी संस्थांशी जे संशोधन-करार करतात, त्यांची चर्चा करताना अशा आडबाजूच्या स्थानकाची आठवण कोणास अप्रस्तुत वाटेल. परंतु त्या करारांची खरी परीक्षा अशाच ठिकाणी व्हावयाची असते.

परदेशी साहाय्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. पवईची भारतीय तंत्रविज्ञान संस्था १९५८ मध्ये उभी राहिली ती युनेस्कोमार्फत मिळालेल्या सोव्हिएत मदतीवर. त्या काळी आपल्याला यंत्रे हवी होती, तज्ज्ञ हवे होते. देणारा आणि घेणारा हे नाते उघड होते. पुढे चित्र पालटले. २००८ मध्ये याच संस्थेने ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाबरोबर संयुक्त अकादमी स्थापन केली. तेथे संशोधक विद्यार्थ्याला दोन्हीकडचे मार्गदर्शक लाभतात आणि पदवीही दोन्ही संस्थांची मिळते. २०१२ मध्ये भारत-अमेरिका सौर संशोधनाचा जो संयुक्त उपक्रम सुरू झाला, त्यातही पवईचा सहभाग होता. आता नाते बरोबरीचे आहे असे आपण म्हणतो. मात्र ही बरोबरी स्वाक्षऱ्यांवरून ठरत नाही. संशोधनाचा प्रश्न कोणी मांडला, यावरून ती ठरते.

एक उदाहरण पुरे आहे. सौर पॅनेलवर जी वॅटची संख्या छापलेली असते, ती पॅनेलमधील घटांचे तापमान २५ अंश धरून मोजलेली असते. आपल्याकडे उन्हाळ्यात हे तापमान ६० अंशांपर्यंत सहज जाते, आणि अंशागणिक सिलिकॉनच्या पॅनेलची शक्ती साधारण ०.३ ते ०.४ टक्क्याने घटते. म्हणजे भर दुपारी दहा ते चौदा टक्के वीज कागदावरच राहते. हे झाले त्या क्षणापुरते नुकसान. वर्षानुवर्षे होणारी झीज निराळीच. पवईच्या राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन केंद्राने २०१३ पासून देशभरच्या पॅनेलांची पाहणी हाती घेतली. उष्ण प्रदेशांत पॅनेल लवकर क्षीण होतात आणि मोठ्या प्रकल्पांपेक्षा छपरांवरील लहान संचांची अवस्था अधिक वाईट असते, असे तीत आढळले. हा प्रश्न थंड देशातील प्रयोगशाळेला सहजासहजी सुचणारा नव्हता. तो येथे सुचला, म्हणूनच त्याचे उत्तर जगातील सगळ्याच उष्ण देशांच्या उपयोगी पडणारे आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने एक कोटी घरांच्या छपरांवर सौरसंच बसविण्याची योजना जाहीर केली. तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. उरलेली रक्कम शिक्षक किंवा कारकून कर्ज काढून भरणार. खाडीची खारट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस सोसून तो संच किती वर्षे टिकेल, हे त्याला कोणी सांगावयाचे?

दुसरा प्रश्न मूर्तिकारांचा. प्लॅस्टर पाण्याशी संयोग होऊन काही मिनिटांत घट्ट होते. शाडू मात्र त्यातील पाणी उडून गेल्यावरच वाळतो, आणि पावसाळी दमट हवेत ते पाणी उडता उडत नाही. पर्यावरणासाठी शाडू वापरा असा उपदेश करणे सोपे आहे. परंतु मूर्तीला तडा न जाता, थोडक्या खर्चात, आषाढात शाडू कसा वाळवावा, हा शुद्ध ऊर्जेचा प्रश्न आहे. पेणच्या मूर्ती परदेशी जातात. मूर्तिकाराचा हा प्रश्न मात्र कोणत्याही परदेशी करारात जाताना दिसत नाही.

विज्ञानाला गावकूस नसते, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो खरा आहे. सिलिकॉनचे गुणधर्म पेणला एक आणि मेलबर्नला दुसरे असत नाहीत. तथापि पॅनेलचे आयुष्य दोन्हीकडे सारखे नसते, आणि माणसाला वापरावयाचे असते ते पॅनेल. मूलभूत संशोधनाला कोणी आडकाठी करू नये. पण त्याच्या शेजारी स्थानिक प्रश्नाला मानाची जागा मिळावी, एवढीच अपेक्षा आहे.

ही जबाबदारी एकट्या पवईची नव्हे. याच रायगड जिल्ह्यात लोणेरे येथे १९८९ च्या कायद्याने स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. अशा विद्यापीठांनी करारावर सही करण्यापूर्वी आपल्या परिसरातील प्रश्नांची यादी टेबलावर ठेवावी. प्रत्येक करारातील एक तरी प्रयोग तालुक्याच्या ठिकाणी व्हावा. तापमान, आर्द्रता, विजेचे उत्पादन यांच्या नोंदी स्थानिक महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी ठेवाव्यात. संशोधन म्हणजे काय, हे त्यांना त्यातूनच कळेल. आणि निष्कर्ष परदेशी नियतकालिकाबरोबरच मराठीतही छापले जावेत.

यासाठी नवा निधी फारसा लागणार नाही. लागेल तो आपला प्रश्न जगापुढे संकोच न बाळगता मांडण्याचा आत्मविश्वास. परक्याच्या प्रश्नाचे उत्तर उत्तम देणारा विद्यार्थी हुशार ठरतो. विद्यापीठाने मात्र त्यावर समाधान मानता कामा नये.