ट्रंकेतला मोडी कागद

सदर बाजारातल्या जुन्या मराठी घरात दिवाळीची आवराआवर निघाली, की एखादे वेळी ट्रंकेच्या तळाशी मोडी पत्र सापडतं. वाचता येत नाही म्हणून ते रद्दीत टाकू नका.

बिंबाजी भोसले १७५८ ते १७८७ रतनपूरहून छत्तीसगडचा कारभार पाहत. त्यांच्या काळात मोडी इथे रुजली. पुढे १८१८ मध्ये इंग्रज अधिकारी ॲग्न्यू यांनी मुख्य ठाणं रायपूरला हलवलं.

तेव्हाच्या पत्रांत साल बहुधा अरबी शब्दांत असे. ‘सबैन मया व अलफ’ म्हणजे सत्तर, शंभर, हजार : ११७०. त्यात ५९९ मिळवा; १७६९ साल!

पत्राला लॅमिनेशन करू नका. फोटो काढा, मोडी जाणणाऱ्याला दाखवा. न जाणो, त्यात आपल्याच पूर्वजाची नेमणूक असेल!