उपाशी ठेवू नका, गवत घाला!

आपल्याकडे माया दाखवायची म्हणजे खायला घालायचं. कोणी जरा बारीक दिसलं की ताटात आणखी एक पोळी पडते. माणसांचं ठीक आहे, ती 'बास' म्हणू शकतात. पण हॉस्टेलच्या गेटवरचा बटाट्या काय म्हणणार?

बटाट्या म्हणजे वॉचमनकाकांच्या मुलीचा गिनी पिग. जाता-येता प्रत्येक जण त्याला काहीतरी देतो. सकाळी ग्लुकोज बिस्किट, दुपारी मेसची पोळी, संध्याकाळी चुरमुरे. पूर्ण वाढलेल्या गिनी पिगचं वजन साधारण ७०० ते १२०० ग्रॅम असतं. मेसच्या काट्यावर बटाट्या १४५० भरला!

यावर विंगमधला लाडका उपाय म्हणजे "दोन दिवस उपाशी ठेवा, आपोआप उतरेल." माझा विरोध आहे तो याच वाक्याला. गिनी पिगचं आतडं सतत चालू राहावं लागतं. खाणं थांबलं की पचन बंद पडतं, अंगावरची चरबी यकृतात साचते आणि प्राणी दगावू शकतो. जाड असेल तर हा धोका जास्तच. म्हणजे डाएटिंगच्या नावाखाली आपण त्याला मारूनच टाकू.

खाणं बंद करायचं नाही, हळूहळू बदलायचं. वाळलेलं गवत हवं तेवढं द्या. त्याचे दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. स्वच्छ धुतलेली हराळी उत्तम. लसूणघास मात्र मोठ्या प्राण्याला रोज नको. त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम जास्त, त्यामुळे वजन वाढतं आणि मुतखड्याचीही भीती. आपल्यासारखंच त्याच्याही शरीरात व्हिटॅमिन सी तयार होत नाही, म्हणून रोज ढोबळी मिरचीची फोड आणि थोडी कोथिंबीर हवी. फळ कधीतरी, तेही छोटा तुकडा. दुकानातला दाणा मोजून. बिस्किट, पोळी, चुरमुरे बंद!

व्यायामासाठी चाक आणू नका, त्याच्या पाठीला ते झेपत नाही. रिकाम्या खोक्यांचे बोगदे करा, गवत चार कोपऱ्यांत ठेवा. खाण्यासाठी तो आपणहून फिरेल.

आणि मित्रांनो, आपण इंजिनीअर होणार आहोत ना? मग रीडिंग घ्या की! दर रविवारी त्याच काट्यावर वजन करायचं आणि वहीत लिहायचं. वजन हळूहळूच उतरलं पाहिजे. झपकन उतरलं किंवा त्याने खाणं सोडलं, तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायचं. खरं तर सुरुवातही त्यांना विचारूनच करावी. कुणाकडे मादी असेल, तर ती जाड नसून गाभण असायची!

पण या सगळ्याचा काही उपयोग नाही, जोपर्यंत प्रत्येकाला वाटतंय की 'माझ्या एका बिस्किटाने काय होतंय?' शंभर जणांचं एकेक बिस्किट मिळूनच बटाट्या असा झालाय. लाड करणारे शंभर आणि जबाबदार कोणीच नाही. त्याचा पिंजरा रोज साफ करते ती काकांची पाचवीतली मुलगी. मग खायला काय घालायचं हेही तिनेच ठरवावं. आपण, म्हणजे विद्यार्थी, मेसवाले आणि सर लोकसुद्धा, आधी तिला विचारायचं.

बटाट्याला भेटायला जरूर जा. पण हातात बिस्किट नको, मूठभर हराळी असू दे. बघा, पटतंय का!